रांजणाच्या छातीचे वीर

नव्या माणसाची ओळख होताना समोरचा आधी आपल्या तोंडाकडे पाहतो, अशी माझी चोवीस वर्षं समजूत होती. सोनाजी जीनगरानं माझ्या छातीकडे पाहिलं. मी अमरावतीहून अकोल्याच्या सरकारी शाळेवर मास्तर म्हणून आलो होतो. पंधरा दिवस शाळेतच मुक्काम काढल्यावर जुन्या शहरात त्याच्या घरासमोर एक खोली मिळाली होती आणि मी नुकताच वळकटी खाली ठेवत होतो. तो ओट्यावरून उठला, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि फार काळजीच्या सुरात म्हणाला, "मास्तर, छाती एवढीच हाय, का अजून येनार हाय?"

मी म्हटलं, आहे ती एवढीच. त्यावर तो "असू द्या, पाहू आपन" म्हणून परत जाऊन बसला. माझी छाती ही त्याची अडचण का व्हावी, हे मला आठ दिवसांनी कळलं. आमच्या गल्लीतून दसऱ्याला राम-रावणाच्या सोंगांची मिरवणूक निघे. आदल्या वर्षीचा रावण कापसाच्या गाड्या हाकून श्रीमंत झाला होता आणि त्याला आता राक्षस व्हायला सवड नव्हती. मी पोरांकडून पाढे म्हणवून घेताना माझा आवाज पार मोर्णा नदीच्या काठापर्यंत जातो, असं कुणीतरी पंचांच्या कानावर घातलं. मला कुणी विचारलं नाही. रावणाला तरी कोण विचारतं?

सोनाजी जातीनं आणि धंद्यानं जीनगर. त्याच्या आज्यानं नागपूरकरांच्या फौजेची खोगिरं शिवली होती. फौजा गेल्या, घोडे गेले आणि सोनाजीच्या वाट्याला तहसीलदाराचं एक तट्टू आणि दोन-चार देशमुखांच्या घोड्या उरल्या. त्यांच्यावर पोट भरे. पण पोट ही त्याच्या लेखी किरकोळ गोष्ट होती. आषाढ सरला की तो खोगिरं कोपऱ्यात लोटून चिलखतं करायला बसे. रावणाचं, कुंभकर्णाचं, शिवाय वानरसेनेच्या ढाली. सगळं घरी, ओट्यावर आणि जास्त करून बायकोच्या स्वयंपाकघरात.

ही चिलखतं कशाची असत, हे सांगितलं तर आजही ओट्यावरून त्याचा आवाज येईल की काय, अशी मला धास्ती वाटते. ती चिंध्यांची असत. चिंध्या आणि रद्दी कागद भिजत घालायचा, उखळात कुटायचा, चिंचोक्याच्या खळीत मळायचा आणि साच्यावर थापून उन्हात वाळवायचा. वाळलं की आतून बांबूच्या कामट्या, वरून बेगड. लांबून पाहिलं तर डोळे दिपत. साचा म्हणून त्याच्याकडे एकच वस्तू होती, ती म्हणजे घरातला पाण्याचा रांजण. तो पालथा घालून त्याच्यावर सगळ्या छात्या निघत. त्यामुळे आमच्या मिरवणुकीत रावण काय, कुंभकर्ण काय, सारे वीर छातीपेक्षा पोटानं पुढे असत. बाहेरगावचे लोक हसत. आम्हाला मात्र बाकीच्या गावांचे रावण उपाशी वाटत.

रांजण पालथा असेतोवर घरात पाणी साठवायला जागा नसे. भागाबाई, त्याची बायको, दिवसातून सहा वेळा नदीवर जाई आणि प्रत्येक खेपेला रावणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. सोनाजी ते शांतपणे ऐकून घेई, कारण चिलखताची परीक्षा घेणारी तीच होती. वाळलेलं चिलखत तो अंगावर चढवी, ओट्यावर पाय रोवून उभा राही आणि म्हणे, "हं, मार."

भागाबाई मुसळ घेऊन येई.

पाणी किती खेपांचं झालं, त्यावर मुसळाचा जोर ठरे. शेजारपाजारचे परीक्षेच्या वेळी कामं सोडून येत. चिलखत टिकलं तर सोनाजी पिचलेल्या बरगडीवर हात ठेवून म्हणे, "अंगावर हलकं, नजरेत भारी! याले म्हनतेत काम." आणि तुटलं तर भागाबाई म्हणे, "आता भाकर खा अन् दुसरं करा." दोन्ही वेळा ती खूश दिसे.

गिऱ्हाइकाशी बोलताना हा माणूस फार गंभीर असे. कुंभकर्ण होणारा तेली माप द्यायला आला, तर सोनाजी त्याला विचारी, "वार कोन्या बाजूनं येनार हाय?" तो बिचारा म्हणे, मी तर सोंगात सारा वेळ झोपूनच असतो. "झोपलेल्यालेच वार होते," असं म्हणून सोनाजी डावी बाजू दोन बोटं जाड करी. मी एकदा त्याला विचारलं, खरं चिलखत तुम्ही कुठं पाहिलं? तो जरा घुटमळला. बापानं सांगितलेलं होतं, म्हणाला, आणि देवळाच्या भिंतीवर चित्र आहे. म्हणजे पाहिलं नव्हतंच. पुढे मी हा विषय काढला नाही. मास्तरलोकांना सगळं उघडं पाडायची खोड असते, पण त्याचा रुबाब पाहून माझीही जीभ आवरे.

त्याच सुमारास वऱ्हाडात पैसा आला. अमेरिका नावाच्या मुलखात म्हणे लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता. ही लढाई कोण कोणाशी लढतंय हे आमच्या गल्लीत एकालाही ठाऊक नव्हतं. तरी ती चालू राहावी म्हणून मारुतीला नारळ फुटत. कापसाला असा भाव आला की लोकांनी गाद्या उसवल्या, उशा उसवल्या आणि आतला कापूस पिंजून विकला. श्रीमंत घरची माणसं चटईवर निजू लागली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. एका गावच्या कास्तकारानं तर लग्नात पोराला चिलखत हवं म्हणून सोनाजीला गाठलं. सोनाजीनं जीव ओतून काम केलं. नवरदेव घोड्यावर देखणा दिसला. पण खाली उतरल्यावर त्याला वाकता येईना. थोरांच्या पाया पडायची वेळ आली तेव्हा थोरांना ओट्यावर चढून उभं राहावं लागलं, म्हणजे नवरदेवाचा हात पावलांना पोचला. लोकांनी सोनाजीला बोल लावला, तर तो म्हणाला, "वाकासाठी कोनी चिलखत घालते का?"

आता त्याच्या मानाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सारं तिच्यावरून घडलं. दसऱ्याच्या सकाळी रावणाचं चिलखत पहिल्यांदा करणाऱ्याच्या अंगावर चढे. ते घालून सोनाजी आपल्या ओट्यापासून मारुतीच्या पारापर्यंत चालत जाई. दोन्ही बाजूंना गल्ली उभी असे. पारावर त्याला उभं करून पाटील खालून नारळ देत, शेला देत आणि मग ते चिलखत रावणाच्या अंगावर जाई. शंभर-सव्वाशे पावलांचं हे चालणं. ते त्याच्या आज्यानं केलं, बापानं केलं. मजुरी म्हणून त्यानं कधी काही मागितलं नाही. मला एकदा म्हणाला, "तीनशे चौसष्ट दिवस मी चामड्याचा मानूस हावो मास्तर, माया ओट्यावर पाय ठेवत नाईत लोक, खालूनच बोलतेत. त्या एक दिवशी पाटील खाली राह्यते अन् मी वर." हे सांगताना तो हसला नाही.

ज्या वर्षाचं मी सांगतो आहे, त्या वर्षी बापूजी पाटील त्याच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. पाटील वाईट नव्हते. पैसा नवा होता, एवढंच. हैदराबादेला फौजेतून कमी झालेला कोणी जमादार आपल्याजवळ आलेलं एक खरं लोखंडी चिलखत विकायला काढून बसला आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"सोनाजी," ते म्हणाले, "आता आपलं गाव मोठं झालं. भाईरचे लोक येतेत, साहेब येते पाहाले. तुमच्या पोटवाल्या रावनाले हासतेत. औंदा तुमचंच घालू. पन जर का लोकं हासले, तं पुढच्या सालापासून हैदराबादचं. मंग मान बी त्या चिलखताचाच."

सोनाजी "बरं" म्हणाला. पाटील गेल्यावर मला म्हणाला, "पाटील मस्करी करून राह्यले." भागाबाईनं मला नंतर सांगितलं की दोन दिवस त्यानं भाकर नुसती चिवडली.

चिलखत असं व्हायला हवं होतं की कुणाच्या तोंडून हसू फुटू नये. आणि नेमक्या त्याच वर्षी चिंध्या मिळेनात. कापड इतकं महागलं की फाटकं धोतरही लोक ठिगळ लावून नेसत, टाकून कोण देतो? मी शाळेतली रद्दी दिली, ती दोन बाह्यांना पुरली. मग सोनाजीला गावात सगळीकडे पडलेली एक वस्तू दिसली. कापूस विलायतेला जात होता, पण सरकी मागे राहत होती. दारोदार सरकीचे ढीग होते. त्यानं सरकी भिजवली, कुटली आणि चिंध्यांच्या जागी घातली. लगदा असा मऊ, असा चिवट झाला की तो हरखून गेला. रांजणाला त्यानं पुढून चिकणमाती थापून पोट कमी केलं, छाती वाढवली. ते चिलखत त्याच्या हातचं सगळ्यात देखणं काम होतं. हे मी थट्टेनं म्हणत नाही.

भागाबाईनं मुसळ मारलं. टवकाही उडाला नाही. पण तिनं चिलखताला नाक लावून हुंगलं आणि म्हणाली, "अवो, याले बैल खातीन."

"रावनाले बैलानं खाल्लेलं आयकलं का वं कदी?" सोनाजी म्हणाला.

शेतकऱ्याच्या घरी हे कुणाला सांगावं लागलं नसतं. वऱ्हाडातला बैल सरकीसाठी दावं तोडतो. पण सोनाजीच्या तीन पिढ्या घोड्यांत गेल्या होत्या.

दसऱ्याला तो चिलखत घालून ओट्यावरून उतरला, तेव्हा गल्ली खरोखर गप्प झाली. पाटील डोळे बारीक करून पाहत राहिले आणि त्यांनी दिलेला नारळ जरा वाकूनच दिला असं मला वाटलं. मग ते चिलखत माझ्या अंगावर आलं. मिरवणुकीची रीत अशी की रावण पायी पुढे, आणि मागून रामाची गाडी त्याचा पाठलाग करते. रामाच्या गाडीला पाटलांचे पांढरे खिल्लारी बैल होते, शिंगांना चांदी, पाठीवर झूल. सकाळपासून सजवण्याच्या गडबडीत त्यांना वैरण घालायचं राहून गेलं होतं.

चौकात मिरवणूक थांबली. मी हात पसरून सीतेबद्दलचं माझं म्हणणं मांडू लागलो. पाठीला ओलं लागलं. घाम असेल म्हटलं. मग मागून कुणीतरी ओढलं. गर्दी फार होती, भक्तीही फार होती, मी दुर्लक्ष केलं. मग बायकांच्या बाजूनं एक किंकाळी आली आणि तिच्यामागून हसू. मला वाटलं माझं भाषण रंगलं. मान वळवून पाहतो तो रामाचा डावा बैल डोळे मिटून, अगदी निवांतपणे, लंकेच्या राजाची पाठ खात होता. उजवा बैल त्याला जागा दे म्हणत होता. राम गाडीत धनुष्य टाकून पोट धरून बसला होता.

सोनाजी धावत आला. त्यानं बैलाच्या तोंडातून एक तुकडा सोडवून घेतला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हासता काहून? जो वीर पाठ दाखवत नाई, त्याले मांगचं चिलखत लागतेच कशाले!"

यावर लोक आणखी हसले. या वेळचं हसणं त्याच्या बाजूचं होतं, पण हसणं ते हसणंच. पाटलांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसून झाल्यावर त्यांना आपला शब्द आठवला. "सोनाजी," ते हळूच म्हणाले, "बोलनं झालं व्हतं आपलं." सोनाजीनं मान हलवली.

त्यानंतरचं वर्ष त्यानं खोगिरं शिवली. श्रावण आला तरी ओटा रिकामा. रांजण सरळ उभा, काठोकाठ भरलेला. मी भागाबाईला म्हटलं, बरं झालं, तुमच्या खेपा वाचल्या. ती म्हणाली, "वाचल्या नं. आता पानी हाय, तं प्यावंसं वाटत नाई."

भाद्रपदात हैदराबादचं चिलखत आलं. घोंगडीत गुंडाळलेलं, बैलगाडीतून. पाटलांनी ते उलगडलं तर पट्टे गेलेले. काही कुजले होते, काही उंदरांनी खाल्ले होते. पट्ट्याशिवाय ते नुसतं लोखंड, अंगावर टिकणार कसं? आणि गावात चामड्याचं असलं काम करणारा एकच माणूस. पाटील स्वतः घेऊन आले आणि ओट्याखाली उभं राहून म्हणाले, "सोनाजी, मले मांगतानी लाज वाटते. पन तुमच्याबिगर कोन करीन?"

मी तेव्हा तिथंच होतो. पाटील गेल्यावर त्यानं घोंगडी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा तो खरं चिलखत पाहत होता. मला वाटलं होतं तो नाक मुरडेल. त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं, मांडीवर घेतलं आणि पोराला न्याहाळावं तसं न्याहाळू लागला. "पाहा मास्तर, काखेत जागा मी बी एवढीच सोडतो! अन् हे पाहा, खांद्यावर दुहेरी. बाबा सांगत होते नं, दुहेरी असते. मी म्हनलं व्हतं नं?" त्याचा चेहरा उजळला होता. भागाबाईलाही त्यानं हाक मारून बोलावलं. पुढच्या पत्र्यावरून तो तळवा फिरवत गेला आणि एका जागी त्याचं बोट थांबलं.

डाव्या बाजूला, छातीवर, भोक होतं. बोटाचं टोक जाईल एवढं, कडा आत दुमडलेल्या.

त्यानं चिलखत उलटं करून मागचा पत्रा उजेडात धरला. तिथं काही नव्हतं. "गोळी अंदर गेली," तो म्हणाला. "भाईर नाई आली." मग त्यानं पट्टे तपासले. उजवीकडचे कुजलेले होते. डावीकडचे दोन पट्टे त्यानं बराच वेळ हातात धरले. "हे कुजले नाईत, मास्तर. हे चाकूनं कापले. काढाची घाई झाली असन कोनाले तरी."

भागाबाई दारातच खाली बसली. मग सोनाजी म्हणाला, "मी पोटासाठी नाई, हौसेनं करत होतो हे. अन् लढाई चालू ऱ्हावी म्हनून आपन नारय फोडत होतो." नारळ मीही फोडला होता.

पाटलांनी निरोप धाडला की ते भोक बरं दिसत नाही, बेगड लावून झाकून टाका. सोनाजीनं पट्टे नवे केले, लोखंडाला तेल लावलं, अस्तर शिवलं. भोक तसंच ठेवलं.

दसऱ्याला गल्ली पुन्हा उभी राहिली. चिलखत सोनाजीच्या ओट्यावर होतं. पाटील पारावरून उठून स्वतः ओट्याशी आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मान तुमचाच सोनाजी. पट्टे तुमी लावले, तवा पयले तुमीच घाला अन् चाला." वर्षभर ज्याच्यासाठी तो झुरला होता, ते पाटलांनी आपणहून त्याच्यापुढे ठेवलं होतं. माझे डोळे भरून आले. तो आता चिलखत घालील, म्हणून मी मागे सरलो.

सोनाजीनं हात जोडले. "नाई पाटील. याचा पयला मानूस येगळा हाय. हे घालून तो घरून निंघाला अन् वापस नाई आला. मी कसा घालू?" मग त्यानं पाटलांच्या हातातला नारळ घेतला आणि चिलखताच्या पुढे ठेवला. शेलाही त्याच्यावरच पांघरला. "मान त्याचा," म्हणाला. पाटलांना सगळं कळलं की नाही, मला माहीत नाही. पण त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

चिलखत मला घालावंच लागलं. त्यानं पट्टे आवळले आणि प्रत्येक पट्टा दोनदा चाचपला. त्या वर्षीचा रावण फार मवाळ होता, असं लोक पुढे कितीतरी दिवस सांगत. त्या भोकातून वारा आत येत होता.

मिरवणूक सीमोल्लंघनासाठी मोर्णा ओलांडून पलीकडे जाई. आश्विनात पाणी गुडघ्याएवढं. पलीकडच्या काठावर चढल्यावर मी वळून पाहिलं. सोनाजी मिरवणुकीत कुठंच दिसला नव्हता. तो सगळ्यांच्या मागे होता. शेवटच्या गाडीच्या, पोरांच्याही मागे, अनवाणी, उघड्या डोक्यानं, कुणाला पोचवायला जावं तसा मान खाली घालून एकटा चालत आला होता. नदीशी तो थांबला. आमच्यामागून त्यानं ती ओलांडली नाही. अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि नाक धरून त्यानं बुडी मारली. सनई-ताशे वाजत होते, आपटा लुटायची घाई चालली होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भागाबाई काठावर कोरडं धोतर घेऊन उभी होती.

त्याच महिन्यात माझी बदली अमरावतीला झाली. पुढे सोनाजीची गाठ पडली नाही; आठवतो तो मला तसाच, त्या पाण्यात.